लायटरच्या भोकातलं आकाशवाणी केंद्र

कानबाईला सोनगीरला जाऊन आल्यापासून मला दोन चुलतभावांचे, एका मेव्हण्याचे आणि पुण्याच्या एका ब्लॉगर मित्राचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. नानांच्या त्या जुन्या मारुतीत फोनवरची गाणी वाजतात कशी? गाडी १९९७ ची. तिच्या टेपला ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, ऑक्सचं भोकसुद्धा नाही. कॅसेट वाजवणारा भाग कधीच मेलाय. चालतो तो फक्त रेडिओ. तरी फोन खिशात आणि गाणं डॅशबोर्डात, मधे वायर नाही!

प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून टाकावं. लिहायला बसलो आणि नेहमीप्रमाणे गाडी भलत्याच रस्त्याला लागली. :-)

आधी सरळ उत्तर. लायटरच्या भोकात बसणारी, अंगठ्याएवढी एक वस्तू मिळते. दुकानदार तिला एफएम मॉड्युलेटर म्हणतात, कुणी नुसतं 'कार ब्लूटूथ' म्हणतात. मला साडेतीनशे रुपयांना मिळाली. फोन तिच्याशी ब्लूटूथने बोलतो. ती ते गाणं घेते आणि एफएमच्या लहरीवर चढवून गाडीतल्या गाडीत प्रसारित करते. तुम्ही तिच्यावर ८८.१ लावा, टेपच्या रेडिओवरही ८८.१ लावा, झालं. टेपला वाटतं कुठलंतरी रेडिओ स्टेशन लागलंय. आणि त्यात त्याची काही फसवणूक नाही, कारण ते खरोखरच रेडिओ स्टेशन आहे. स्टुडिओ फोनमध्ये, मनोरा लायटरच्या भोकात आणि श्रोते मागच्या सीटवर.

नानांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनी टेपकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "रेडिओमा आपला गाना कसा काय लागनात रे भो?"

या प्रश्नातला 'आपला' हा शब्द महत्त्वाचा. रेडिओवर आपली गाणी लागत नाहीत हे नानांना पक्कं ठाऊक होतं. सत्तर वर्षांचा अनुभव होता तो. म्हणून हा लेख.

आजच्या पोरांना सांगून पटत नाही, पण या देशात रेडिओ ऐकायलासुद्धा परवाना लागायचा. १९३३ चा एक वायरलेस कायदा होता. त्यानुसार बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा. घरच्या रेडिओचं परवान्याचं पुस्तक असे, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि त्यावर तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. आमच्या घरी ते पुस्तक बरीच वर्षं रेशनकार्डाच्या पिशवीत होतं. हा परवाना १९८० च्या दशकाच्या मध्यावर रद्द झाला. ऐकायलाच परवाना, तर प्रसारण करायचं नाव कोण काढणार? ते फक्त सरकारने करायचं. १८८५ चा तार कायदा आणि हा १९३३ चा कायदा, दोघांनी मिळून आकाशाला कुलूप लावून ठेवलं होतं. ते दोन्ही कायदे मोडीत काढणारा नवा दूरसंचार कायदा यायला २०२३ साल उजाडावं लागलं.

बरं, सरकार प्रसारण करायचं ते काय? १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपले मराठीच, पुण्याचे. शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी हलकी म्हणून त्यांनी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. लोक काय करणार? लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि अमीन सायानी घराघरात पोचले. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारलाच सिनेमाची गाणी परत आणावी लागली. केसकरांना मी शिव्या देणार नाही, शास्त्रीय कलावंतांना त्यांच्या काळात आकाशवाणीमुळे अन्न मिळालं हेही खरंच आहे. पण लोकांना जे ऐकायचं असतं ते एका नळाने येईना तर ते दुसरा नळ शोधतात, हे तेव्हाच कळलं होतं.

सिनेमाच्या गाण्यांना निदान सिलोन तरी होतं. अहिराणीला काय होतं?

जळगावचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं १९७६ साली. त्याआधी खान्देशात मुंबई ऐकायची, किंवा नाना सांगतात तसं रात्री इंदूर. जळगाव केंद्राने अहिराणीला, लेवा बोलीला, इथल्या शाहीर-कीर्तनकारांना जागा दिली, ते नाकारून चालणार नाही. पण ती ठरलेल्या वेळची, ठरलेल्या मिनिटांची जागा. उरलेला दिवस शुद्ध मराठी आणि शुद्ध हिंदी. घरी 'कथा जाय राहिना' म्हणणारा माणूस रेडिओसमोर बसला की परगावच्या पाहुण्यासारखा सावरून बसायचा.

आता गाडीकडे येतो.

मोटारीत गाणं ऐकायची माणसाची हौस मोटारीइतकीच जुनी. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली परवडेल असा कार रेडिओ काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं. फोनवाली मोटोरोला तीच. १९५६ मध्ये क्रायसलर कंपनीने तर चक्क डॅशबोर्डाखाली तबकडी वाजवणारं यंत्र बसवलं. आपल्या रस्त्यांवर ते धुळ्याच्या बाहेरही पडलं नसतं! मग १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली आणि गाडीतल्या संगीताचा प्रश्न पुढच्या तीस-पस्तीस वर्षांसाठी सुटला.

आणि एक गंमत. फोनवरचं गाणं लहरीवर चढवून जुन्या रेडिओतून ऐकायची जी युक्ती आपण नवी समजतो, ती १९३० च्या दशकाच्या शेवटीच अमेरिकेत बाजारात होती. तबकडी वाजवणारं यंत्र घ्यायचं, त्यात एक बारका ट्रान्समीटर असायचा, तो मध्यम लहरीवर गाणं सोडायचा आणि कोपऱ्यातला घरचा मोठा रेडिओ ते पकडायचा. वायर नको, रेडिओ उघडायला नको. नेमकं हेच तर नानांच्या गाडीत चाललंय. जुन्या यंत्रात शिरायला दरवाजा नसेल तर त्याच्या अँटेनातून शिरा.

आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. गाडीबरोबर टेप येत नसे. तो वेगळा घ्यायचा. धुळ्यात नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन घासाघीस करायची, मग मागच्या काचेखाली फळी ठोकून दोन स्पीकर बसवायचे. फळीवर मखमल. मखमलीवर टिश्यूचा डबा. त्याच वर्षांत गुलशन कुमारांच्या सुपर कॅसेट्सने म्हणजे टी-सीरीजने कॅसेट इतकी स्वस्त केली की तबकडीवाल्या जुन्या कंपनीची मक्तेदारी उलथून पडली. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली या सगळ्यावर 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक लिहिलंय. त्यातला मला सर्वात पटलेला मुद्दा असा की कॅसेटमुळे छोट्या बोलींना आवाज मिळाला. तबकडी काढायला कारखाना लागतो, कॅसेट काढायला एक खोली पुरते. पाचशे गिऱ्हाईकं असलेली बोलीसुद्धा बाजारात उभी राहू शकते.

हे आम्ही सोनगीरला डोळ्यांनी पाहिलं. सोनगीर म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर. वर किल्ला, खाली तांबटांची आळी. तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा आवाज हेच आमच्या गावाचं पार्श्वसंगीत. रस्त्याच्या कडेला भांड्यांची दुकानं, त्यामुळे ट्रका आणि गाड्या थांबायच्या. मध्य प्रदेशातून उतरलेली ट्रक थांबली की तिच्यातून कव्वाली, नाहीतर पंजाबी टप्पे ऐकू यायचे. नाशिककडून आलेल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये प्रल्हाद शिंदे. शिरपूरच्या जीपमध्ये अहिराणी लग्नगीतं. बाजारात टोपलीत विकायला ठेवलेल्या, कव्हरावर रंग सांडलेल्या त्या कॅसेटी! आवाज चिरका, ढोलकी बेसुमार. पण शब्द आपले. गाडीत कुठली कॅसेट लावायची हे ड्रायव्हर ठरवायचा, दिल्लीतला मंत्री नाही. माझ्या मते खान्देशातलं प्रसारणाचं स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने काळ्या-पिवळ्या जीपमध्ये सुरू झालं. चौदा प्रवासी कोंबलेल्या जीपमध्ये दुसरं कुठलं स्वातंत्र्य नव्हतं हा भाग वेगळा.

आणि कॅसेटचा दुसरा गुण, जो तबकडीला नव्हता आणि रेडिओलाही नव्हता. तिच्यावर आपण स्वतः बोलू शकत होतो.

आमच्या आजीला आम्ही सगळे जिजी म्हणायचो. जिजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला कानबाईची गाणी यायची, आखाजीची गौराईची गाणी यायची, जात्यावरच्या ओव्या तर किती याची गणतीच नाही. ज्यांना खान्देश माहीत नाही अशा ब्लॉगवाल्यांसाठी सांगतो, कानबाई म्हणजे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी येणारी आमची देवी. भाऊबंद सगळे एकत्र येतात, रोट होतात, रात्रभर जागर आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि झोक्यावर बसून सासरचं सगळं गाण्यात ओकून टाकतात. त्या गाण्यांत सासूला जे काही म्हटलेलं असतं ते कुठल्याही आकाशवाणीने लावलं नसतं.

१९८९ च्या कानबाईला नानांनी मुंबईहून आणलेला टू-इन-वन ओट्यावर ठेवला आणि जिजीला म्हटलं, म्हण. ती आधी लाजली. मग "हाई यंत्र मना आवाज चोरी लेई का?" असं तिने विचारलं. हे वाक्यही कॅसेटवर आलंय. मग ती म्हणत राहिली. एकूण चार कॅसेटी भरल्या, साठ मिनिटांच्या. मधेच तांबट आळीतली ठोकठोक येते, मधेच कोंबडा, एका ठिकाणी माझी आत्या चहाचं विचारते. जिजी १९९४ ला गेली.

बहिणाबाई चौधरींची गाणी आपल्याला मिळाली ती कशी, ते मराठी माणसाला माहीत आहे. आसोद्याची, जळगावला नांदलेली, निरक्षर बाई. ती म्हणत होती आणि घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी, ती लिहून ठेवली. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं १९५२ मध्ये. वही नसती तर बहिणाबाई नसत्या. जिजीची तुलना त्यांच्याशी करायचा वेडेपणा मी करणार नाही, तिने स्वतः काही रचलं नव्हतं, ऐकलेलं म्हणत होती. पण खान्देशात अशा म्हणणाऱ्या बाया घरोघर होत्या आणि त्यांच्यासाठी वही कुणी धरली नव्हती. आमच्या घरी वहीऐवजी चार कॅसेटी आहेत. आता कळलं असेल की टेपमध्ये गाणी वाजवायचा खटाटोप नानांसाठी इतका मोलाचा का.

त्या कॅसेटी नाना गाडीत वाजवायचे. मारुती घेतली तीच मुळी त्यासाठी असा काकूंचा आरोप आहे. वर्षानुवर्षं वाजवून फितीची अवस्था अशी झाली की टेपने ती दोनदा खाल्ली. फीत बाहेर ओढायची, पेन्सिल घालून गुंडाळायची, चुरगळलेल्या जागी जिजीचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. मग टेपमधला रबरी पट्टा गेला आणि तो मिळेना. नानांनी कॅसेटी कपाटात ठेवल्या आणि गाडीत काही लावणंच बंद केलं.

मधल्या काळात जग पुढे गेलं. ते भराभर सांगतो. सीडी आली, ती खान्देशच्या रस्त्यांवर उड्या मारायची. व्हीसीडी आली आणि तिने मात्र इकडे धमाल केली, मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांची गोष्ट २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे सगळ्यांना कळली. मग मेमरी कार्ड. मोबाइलच्या टपरीवर जायचं, दहा-वीस रुपये द्यायचे आणि "अहिराणी भरी दे भो" म्हणायचं. तो पोरगा एका फटक्यात तीनशे गाणी भरायचा. मग यूट्यूब आलं आणि सचिन कुमावतांच्या चॅनलवरचं ते फुगेवालं गाणं पुण्या-मुंबईच्या वरातीत वाजायला लागलं. अहिराणी न कळणारी माणसं त्यावर नाचताना मी पाहिली आहेत. नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी नाही मुरडत.

जुन्या टेपवाल्यांसाठी दोन जोडतोडी निघाल्या होत्या. एक, खोटी कॅसेट. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही, टेपच्या डोक्यासमोर येईल असं एक चुंबकीय डोकं आणि बाहेर आलेली वायर. झकास चालायची, पण त्यासाठी टेपची यंत्रणा जिवंत हवी. दुसरी, एफएम ट्रान्समीटर. नोकियाने तर २००८ साली एन७८ नावाच्या फोनमध्येच तो घालून दिला होता. फोन डॅशबोर्डावर ठेवा, रेडिओवर ऐका. काय सुंदर कल्पना! आणि पुढच्या काही वर्षांत फोनमधून ती नाहीशीही झाली. इंग्लंडमध्ये तर असे ट्रान्समीटर वापरणं ८ डिसेंबर २००६ पर्यंत बेकायदा होतं. त्या दिवशी परवानगी मिळाली तीही ५० नॅनोवॅटपुरती. साध्या पेन्सिल सेलवरच्या रिमोटच्या मानानेसुद्धा हे काहीच नाही. पण गाडीच्या आतल्या आत तेवढं पुरतं.

आता ब्लूटूथ. १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सनमध्ये त्यावर काम सुरू झालं, फोनला वायरीवाचून इतर यंत्रं जोडायला. नाव डेन्मार्कच्या दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ राजाचं, कारण त्याने भांडणाऱ्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणे. सुरुवातीला त्यावरून बोलणंच जायचं, तेही फोनवरच्यासारखं किरटं. संगीत नीट पाठवायचा नियमसंच २००३ ला ठरला. आणि आपल्याकडे ब्लूटूथ-वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं तो परवानामुक्त झाला जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे पोस्टात शिक्का मारून घेण्याचे दिवस संपल्यावर वीसेक वर्षांनी.

तर फोन ते वस्तू ब्लूटूथ, वस्तू ते टेप एफएम. दोन उड्या. पहिली उडी एकविसाव्या शतकातली, दुसरी १९३३ ची.

१९३३ असं म्हणालो कारण एफएमची मूळ पेटंटं त्या वर्षीची, एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरची. या माणसाबद्दल वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. त्याने खरखरीशिवाय रेडिओ दिला आणि मोठ्या कंपन्यांनी त्याला कोर्टात फिरवून फिरवून संपवला. ३१ जानेवारी १९५४ ला त्याने जीव दिला. त्याच्या बायकोने, मॅरियनने, खटले सोडले नाहीत. एकेक करत तिने ते जिंकले, शेवटचा १९६७ साली. शेवटचा कुणाविरुद्ध? मोटोरोला. गाडीत रेडिओ बसवणारी तीच ती!

एफएमचा एक स्वभाव आहे, तो समजला की ही लायटरची वस्तू कुठे चालेल आणि कुठे नाही ते कळतं. मध्यम लहरीवर दोन स्टेशनं एकमेकांवर आली की दोन्ही ऐकू येतात, शिट्टीसकट. एफएमचं तसं नाही. जी लहर जोरकस ती दुसरीला अख्खी गिळते. म्हणजे तुमची बारकी वस्तू दूरच्या स्टेशनाला सहज गिळेल, कारण ती अँटेनापासून हातभर अंतरावर आहे. पण मनोऱ्याजवळ गेलात की स्टेशन तुम्हाला गिळेल. ओवी चाललेली असताना अचानक गृहकर्जाची जाहिरात.

मुंबई-पुण्यात हा त्रास भयंकर आहे, कारण तिथे पट्टाच भरलाय. आपल्याकडे आकाशवाणीचं एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं, पण बरीच वर्षं ते मोठ्या शहरांपुरतंच होतं. १९९३ मध्ये दिल्ली-मुंबईत खासगी कंपन्यांना तासांच्या हिशेबाने वेळ विकली गेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची खासगी नाही. जुलै २००१ ला बंगळूरला पहिलं पूर्ण खासगी एफएम. मग २००५ नंतर लिलावांचा दुसरा टप्पा, २०१५ ला तिसरा. प्रत्येक टप्प्यात मोठी शहरं आधी आणि आपण रांगेत शेवटी. धुळ्याला आकाशवाणीचं एफएम आहे १००.५ वर, आणि धुळे-जळगावच्या मोजक्या खासगी वाहिन्या. त्यांवरही लागतं ते बहुतेक हिंदी सिनेमाचं. सोनगीरला रेडिओचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बहुतेक ठिकाणी नुसतं सूंऽऽ.

या सूंऽऽ चा मला लहानपणी राग यायचा. मुंबईच्या मावसभावाकडे इतकी स्टेशनं आणि आमच्याकडे शुकशुकाट. आता तीच मोकळी जागा उपयोगी पडतेय. शहरात नानांची ८८.१ दर सिग्नलला मेली असती. इथे ती गावातून निघाली की नरडाणा येईपर्यंत कुणी तिला हात लावत नाही. आपल्या बोलीला आकाशात कुणी जागा दिली नाही, म्हणून जागा शिल्लक राहिली. असो, याच्यावर जास्त बोललो तर भाषण होईल.

एकदाच गडबड झाली होती. टोलनाक्यावर रांगेत होतो आणि जिजीची गौराई चालू असताना मधेच गुजराती गरबा सुरू झाला. नाना दचकले. पुढच्या गाडीतही अशीच वस्तू होती आणि त्यानेही ८८.१ च लावलं होतं! त्याची गाडी हलली आणि जिजी परत आली. त्यालाही काही सेकंद आमची जिजी ऐकू आली असेल का, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. सुरतेकडचा कुणी असेल. सासूला दिलेल्या शिव्या त्याला कळल्याही असतील, अहिराणी आणि गुजराती तशा शेजारणीच.

मेव्हण्याचं म्हणणं असं की हा सगळा जुगाड सोडा, पाच-सहा हजारात नवा स्टिरिओ येतो, ब्लूटूथ आतच. आवाजही स्वच्छ. त्याचं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. एफएमवरून १५ किलोहर्ट्झच्या वरचे सूर जातच नाहीत, झांजेची बारीक किणकिण मारली जाते, आणि वस्तू स्वस्तातली असली तर मागे इंजिनाचा घूंऽऽ येतो. पण जिजी म्हटली होती टू-इन-वनच्या आतल्या मायक्रोफोनवर, ओट्यावर, कोंबड्यासकट. त्या फितीवर मुळात १५ किलोहर्ट्झ कुठून असणार? ती आहे तेवढी या वस्तूतून सगळी येते. शिवाय नानांना त्या टेपचा गोल खटका माहीत आहे. डोळ्यांनी फारसं दिसत नाही आता, अंधारात हात घातला की आवाज कमी-जास्त करता येतो. नव्या स्टिरिओच्या काचेवर बोट कुठे ठेवायचं हे त्यांना कोण शिकवणार? मेव्हण्याने शिकवावं. :-)

कॅसेटीचं फोनवर कसं आणलं हेही दोघांनी विचारलंय. एक चालू टेप-डेक जुन्या बाजारातून मिळवला. कॅसेटच्या आतली स्पंजची गादी निघाली होती. ती दुसऱ्या कॅसेटची काढून बसवली. डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर थेट कॉम्प्युटरला आणि ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागतो, घाई चालत नाही. खरखर काढायचा मोह झाला तर थोडीच काढा. मी एका फाइलमधली पूर्ण काढून बघितली तर तांबट आळी गेली आणि जिजी कुठल्यातरी स्टुडिओत बसल्यासारखी वाटायला लागली. ती फाइल ठेवली नाही.

तीन कॅसेटी झाल्या. चौथीवर बुरशी आहे, तिचं काम दिवाळीनंतर. झालेल्या फाइली मी घरच्या ग्रुपवर टाकल्यात. ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांनी वस्तू घेताना एवढंच बघा की वारंवारता स्वतः बदलता येते की नाही, काहींवर ती ठरावीकच असते. धुळे शहरात शिरताना रेडिओ आधी रिकामा फिरवून बघा, जिथे नुसतं सूंऽऽ आहे आणि दोन्ही बाजूंनाही काही नाही ती जागा निवडा. फोनचा आवाज पाऊण ठेवा, टेपचा खटका हवा तेवढा. पळासनेरच्या पुढे घाट चढून सेंधव्याकडे उतरताना मला ८८.१ सोडून ९०.७ वर जावं लागलं होतं. बडवानीच्या आत्याकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.